कुत्र्याची ढेप

कुत्री लेकीची. अकरावीत असताना लेक कॉलेजच्या शिबिराला मेळघाटात गेली होती. परतताना परतवाड्याला जीप भरायची वाट बघत बसली असता टपऱ्यांमागून एक पिल्लू आलं आणि तिच्या सॅकवर चढून झोपलं. जीप भरली, निघायची वेळ झाली, पिल्लू काही उठेना. मग लेकीनं सॅकसकट पिल्लू उचललं. अशी ती अमरावतीला आमच्या घरी आली. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला, आणि पोट टम्म फुगलेलं. बारावी झाल्यावर लेक पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेली. हॉस्टेलवर कुत्री ठेवता येत नाही हे तिला आधीपासून माहीत होतं. मला सुटकेस भरताना कळलं.

त्याच उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. त्यांचं गाव तेल्हाऱ्याकडचं. घरची माळव्याची शेती, म्हणजे वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेनं झेंडू. उभं आयुष्य वाफ्यात वाकून काढल्यामुळे गुडघे गेले होते. माझा नवरा अकोल्याला नोकरी करतो, शनिवार-रविवार घरी येतो. त्यानं अकोल्यातच एका गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. पण तिथं त्याची एकच खोली, तीही जिना चढून. म्हणून मामाजी अमरावतीला, आमच्या तळमजल्यावर. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात.

ते रिक्षातून वॉकर घेऊन उतरले आणि दारातच थबकले. कुत्री दिवाणावर झोपली होती.

"हे घरात राह्यते?"

"हो, मामाजी."

"अन् मी कुठं झोपू?"

"तुमची खोली आतली आहे. तिथं ती येत नाही."

हे मी सांगितलं ते खरं होतं, पण फार दिवस खरं राहिलं नाही. लेकीनं ठेवलेलं इंग्रजी नाव मामाजींच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी ते सरळ बाजूला ठेवलं आणि कुत्रीला 'पोट्टी' म्हणायला लागले. वऱ्हाडात पोट्टी म्हणजे मुलगी. पुण्यामुंबईचे पाहुणे आले की त्यांना हे समजावून सांगताना माझी पंचाईत होते. महिनाभरात पोट्टी त्यांच्या खाटेखाली झोपायला लागली.

तोवर तिचं खाणं म्हणजे घरात उरेल ते. सकाळी दूध-पोळी, रात्री वरण-भात, रविवारी नवरा मटण आणायचा त्याची हाडं. पावसाळ्याच्या तोंडाशी ती खाजवायला लागली. आधी कान, मग पोट, मग शेपटीच्या मुळाशी. दिवाणाच्या कडेला पाठ घासत ती घरभर फिरायची. पोटावरचे केस विरळ झाले, खालची गुलाबी कातडी दिसायला लागली. मामाजींनी कडुनिंबाचा पाला उकळून तिला आंघोळ घातली. तिनं अंग झटकून तो काढा भिंतीवर, मामाजींवर आणि माझ्या क्लासच्या नोट्सवर उडवला. खाज तशीच राहिली.

मग जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी कातडी खरवडून काचेवर बघितली, कानात नळी घालून बघितलं, गोचिडाचं औषध दिलं. पंधरा-वीस दिवसांनी परत गेलो तरी खाज होती तेव्हा त्या म्हणाल्या, "आता खाण्याकडे वळू. घरचं बंद. एक कोरडं खाणं घ्या, त्यात मांस एकाच प्रकारचं असेल असं बघा, आणि दीड-दोन महिने तेवढंच द्या. दुसरं काहीही नाही. म्हणजे अक्षरशः काहीही नाही."

"कोणतं घेऊ?"

"नाव मी सांगत नाही. महाग ते चांगलं असं समजू नका, आणि स्वस्त ते वाईट असंही नाही. तिला पचलं पाहिजे आणि तुम्हाला ते दर महिन्याला परवडलं पाहिजे. सुरू करून बंद पडलं तर उपयोग नाही."

हे सगळं लेकीला फोनवर सांगितलं. तिनं ते ऐकलं कमी आणि मनावर घेतलं जास्त. चौथ्या-पाचव्या दिवशी कुरिअरनं एक पिशवी आली. परदेशी कंपनी, चकचकीत कागद, वर एका गोऱ्या कुत्र्याचा रुबाबदार फोटो. पिशवी उशीएवढीही नव्हती. मामाजींनी चष्मा लावून किंमत वाचली, मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचली.

"सूनबाई, हे कुत्र्याचं हाय का कुत्रं यातच मिळून राह्यलं?"

"फक्त खाणं आहे."

"एवढ्यात म्हशीची ढेप येते. पोतंभर."

आमच्या भागात सरकीचं तेल काढून उरलेला चोथा जनावरांना घालतात, ती ढेप. दुभत्या जनावराचं सगळं तिच्यावर. त्या दिवसापासून मामाजींनी त्या दाण्यांना 'कुत्र्याची ढेप' हे नाव पाडलं आणि घरात तेच रूढ झालं. पुढं डॉक्टरीणबाईसुद्धा विचारायला लागल्या, "ढेप कशी चाललीय?"

पोट्टीनं ती परदेशी ढेप अशी खाल्ली की वाटी सरकत सरकत बाथरूमपर्यंत गेली. पण उशीएवढी पिशवी ती, पाहता पाहता संपत आली, आणि खाज मात्र जशीच्या तशी. मी पिशवी उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली. मी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते, घटकांची यादी वाचायला मला कंटाळा येत नाही. पहिला घटक कोंबडी, तिसरा कोंबडीची चरबी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोंबडीच नडत असेल कदाचित. दुसरं मांस बघा."

मी म्हटलं, आता हे आपण अमरावतीतच शोधू. मामाजींनाही फिजिओथेरपीवाल्यानं चालायला सांगितलं होतं. रविवारी नवरा घरी होता, पण तो क्रिकेट बघत होता. आम्ही दोघं ऑटोनं निघालो.

दुकान अरुंद होतं. पिंजऱ्यात बजरीगर किलबिलत होते, काचेच्या टाकीत मासे, आणि भिंतीला लागून पिशव्यांचे थर. मालक चिकाटीचा माणूस होता. त्यानं प्रत्येक पिशवीचं गुणगान केलं. ही केसांसाठी, ही हाडांसाठी, ही आळशी कुत्र्यांसाठी. एकीत लाल, हिरवे आणि पिवळे दाणे होते.

"हे रंग कायले?" मामाजींनी विचारलं.

"भाज्या हाय ना काका त्याच्यात. हिरवा म्हंजे पालक, लाल म्हंजे गाजर."

मामाजींनी एक हिरवा दाणा उचलला, दोन बोटांत फोडला, नाकाशी नेला आणि मी हात धरायच्या आत तोंडात टाकला. त्यांनी शांतपणे चावून गिळला.

"पालक नाई," ते म्हणाले. "मीठ बी नाई."

मी लाजून पिशव्या उलटसुलट करत राहिले. गंमत म्हणजे ज्या पिशवीवर गाजरांचं चित्र होतं तिच्यातही कोंबडी होती, जिच्यावर 'बकरा' लिहिलं होतं तिच्यातही मागच्या बाजूला कोंबडी होती. जिच्यात खरंच नव्हती तिची किंमत बघून मी ती परत ठेवली. तेवढ्यात मामाजींना कोपऱ्यात एक उघडं पोतं दिसलं. सुटी ढेप! किलोवर! पोतं बघितल्याबरोबर त्यांचा चेहरा असा खुलला जसा ऑपरेशननंतर एकदाही खुलला नव्हता. त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठ भरून बघितली आणि घासाघीस सुरू केली. उभी हयात बाजारात माळवं विकलेला माणूस आज पहिल्यांदा विकत घेणाऱ्याच्या बाजूनं उभा होता. मालकाची दमछाक झाली.

"यात मांस कशाचं आहे?" मी विचारलं.

"मिक्स हाय, मॅडम."

"मामाजी, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय..."

"अवं, आधी खाते का नाई ते त पाहू."

मला रविवारच्या जादा क्लासची वेळ गाठायची होती. मी हो म्हटलं.

पोट्टीनं वाटी हुंगली. मामाजींकडे बघितलं. मग एक दाणा तोंडात धरला, हळूच घेऊन गेली आणि माझ्या चपलेत ठेवला. परत आली, दुसरा नेला, तो वॉकरच्या रबरी बुडाशी. तिसरा उशीखाली. संध्याकाळपर्यंत तिनं सगळी वाटी अशी घरभर वाटली. एकही खाल्ला नाही. रात्री मी डबा उघडून हुंगला तर जुन्या तेलाचा खवट वास आला, आणि तळाशी बारीक किडे वळवळत होते.

"हवा लागली त्याले," मामाजी म्हणाले. नंतर काही वेळानं, भिंतीकडे बघत, "आमच्या म्हशीनं बी अशी ढेप नसती खाल्ली."

यानंतर आम्ही बंद पिशवीच घ्यायची, वरची तारीख बघून, हे ठरलं. पुढची पिशवी अंड्याची होती. बरी होती, दामही आवाक्यातला. मी उत्साहात परदेशी पिशवीतलं उरलेलं बाजूला ठेवून त्याच दिवशी पूर्ण वाटी नवीन दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट्टीनं अंगणाची जी दशा केली ती लिहिण्यासारखी नाही. डॉक्टरीणबाईंनी मला विद्यार्थिनीसारखं ऐकवलं. "एकदम बदलायचं नसतं. आधी थोडं नवीन, जास्त जुनं. मग निम्मं निम्मं. आठवडाभर तरी घ्या. पोटाला सवय लागू द्या की." त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली. पिशवीच्या किमतीकडे न बघता ती किती दिवस पुरते ते बघा. भुसा जास्त असलेलं खाणं जास्त घालावं लागतं आणि तितकंच बाहेरही पडतं.

हे मामाजींना मी घरी येऊन सांगितलं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "पातळ ढेपीवरची म्हैस," ते म्हणाले, "खाते दिवसभर अन् दूध देते वाटीभर."

मग अंड्याचं खाणं हळूहळू मिसळून सुरू केलं. पोट ताळ्यावर आलं. पोट्टी खायची, उड्या मारायची, आणि खाजवायची. आठवडे गेले. मी रोज तिच्या पोटावर उजेड टाकून बघायची. कधी वाटायचं, कमी आहे. दुसऱ्या दिवशी नवीन चट्टा. मला वाटायला लागलं की हिला अंडंही चालत नाही, हिला बहुतेक अमरावतीची हवाच चालत नाही.

एक दिवस क्लासवर ट्रान्सफॉर्मर उडाला. अंधारात नि उकाड्यात मुलांना बसवून ठेवण्यात अर्थ नव्हता, मी दुपारीच घरी आले. स्कूटी बाहेर लावून मागच्या अंगणातून आत शिरले. मामाजी पिंपळाच्या कुंडीशेजारी खुर्चीवर बसले होते. हातात चहाची बशी. दुसरी बशी जमिनीवर. पोट्टी त्या दुसऱ्या बशीतला चहा लपालप पीत होती, आणि मामाजी बिस्किटाचे तुकडे करत होते. एक चहात बुडवून स्वतःच्या तोंडात, एक चहात बुडवून तिच्या.

मला बघून पोट्टीनं कान पाडले आणि खुर्चीखाली गेली. मामाजींनी काही लपवलं नाही.

"मामाजी! हे रोज चालतं?"

"व्हय."

"आणि मी इकडे एकेक पिशवी बदलून राहिली! अंडं, कोंबडी, सगळ्यांवर आळ घेऊन राहिली!" मी चिडले की माझं शिकवण्याचं मराठी सुटतं आणि माहेरची भाषा वर येते. "तिला दुसरं काहीच द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? दूध, मैदा, साखर, सगळंच गेलं की पोटात!"

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "दुपारी घरात कोनी नसते. तू जातं क्लासले. टीव्ही मले समजत नाई. वावरात तुही सासू चहा घेऊन येत होती दुपारचा. बांधावर बसून दोघं पेत होतो. आता एकट्याले चहा जात नाई वं. हे समोर बसते अन् माह्याकडं पाह्यते. म्हटलं, एक बिस्किट."

सासूबाई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मामाजी त्यांच्याबद्दल कधी बोलत नसत. मी हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले, माझ्यासाठी कपभर चहा गाळला, आणि त्यांच्या शेजारी पायरीवर येऊन बसले.

"चहा बंद करू नका," मी म्हटलं. "तिला चहाच्या वेळी तिची ढेप द्या. तुमच्या हातानं, एकेक दाणा. वाटीतून तेवढी कमी करू."

"अन् मी बिस्किट खाऊ? ते पाह्यते तवा घास उतरत नाई."

"मग तुम्ही फुटाणे खा. ते दिसायला ढेपीसारखेच असतात."

ते हसले. दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू झालं. मामाजींच्या एका खिशात फुटाणे, दुसऱ्यात ढेप. एकदा खिसे चुकले. त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं की मीठ नाही.

अंड्याचं खाणं संपत आलं तेव्हा खाज कमी झाली होती, पण गेली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदा मासळीचं करून बघा, मग आपल्याला नक्की अंदाज येईल. अमरावतीत मासळीचं मिळालं ते सगळं महागातलं. नवऱ्यानं अकोल्यात चौकशी केली. तिथं एका दुकानात इथल्याच कुठल्या तरी कारखान्याचं मासळी आणि तांदळाचं खाणं मिळत होतं. साधी पांढरी पिशवी, चित्र नाही, रंग नाही. त्यानं फोनवर घटक वाचून दाखवले. मी म्हटलं, "कोंबडी?" तो म्हणाला, "दोनदा वाचलं, नाही." मामाजींना गुडघा दाखवायला अकोल्याला जायचंच होतं. आम्ही एसटीनं गेलो.

अकोल्याच्या डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला, फोटो बघितला आणि मामाजींना सांगितलं की आता काठीचीही गरज नाही. मामाजी खुशीत होते. दुकानातून मोठी पिशवी घेतली, कारण मोठी पिशवी दिवसामागे स्वस्त पडत होती. नवऱ्यानं ती स्टँडवर आणून दिली, 'सांभाळून जा' म्हणाला आणि ऑफिसात पळाला. अमरावतीची गाडी लागायला वेळ होता. बाकांवर जागा नव्हती.

मामाजींनी जन्मभर जे केलं तेच केलं. समोर भरलेलं पोतं होतं, ते त्यावर बसले.

तागाचं पोतं असतं तर काही झालं नसतं. पण ही प्लास्टिकची पिशवी. फट् असा आवाज झाला, बाजूची शिवण खालून वर उसवली आणि ढेप फरशीवर पसरली. मामाजी अलगद फरशीला टेकले. त्यांना लागलं नाही, पण नवीन गुडघ्यानं त्यांना झटकन उठता येईना. ते तसेच मधोमध बसून राहिले.

मी त्यांना हात देते न देते तोच पहिला कुत्रा आला. मग त्याच्या मागून दोन. रसवंतीच्या मागून, उभ्या गाड्यांखालून, तिकीट खिडकीच्या कोपऱ्यातून अकोला स्टँडवरचं सगळं कुत्रं उठून आलं. मामाजी काठी फिरवत होते, "हड्! हड्! अबे, औषदाचं हाय ते!" कुत्र्यांनी काठीचा मान ठेवून जरा लांबून खायला सुरुवात केली. मी गुडघ्यांवर बसून फाटलेली बाजू आवळून धरली आणि आत उरलेलं वाचवायला लागले. आणि बरोबर त्याच वेळी वरून आवाज आला.

"मॅडम? तुमी?"

माझ्या क्लासमधल्या एका मुलीचे वडील. सोबत त्यांची पत्नी आणि ती मुलगी. मी ओढणीला हात पुसत उठायचा प्रयत्न केला. एक कुत्रं माझी ओढणी धरून उभं होतं.

"नमस्कार," मी म्हटलं. "हे जरा सांडलं."

ती मुलगी कधी क्लासमध्ये तोंड उघडत नसे. ती खाली बसली आणि पिशवीची दुसरी बाजू धरली. वडिलांनी मामाजींना काखेत हात घालून उभं केलं. मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि पिशवीभोवती करकचून बांधला. निम्म्याहून बरंच जास्त वाचलं होतं. जमिनीवरचं आम्ही कुत्र्यांना सोडून दिलं. ती मन लावून खात होती.

"आवडलेलं दिसतंय," मुलीची आई म्हणाली.

"त्याइचं काय घेऊन बसल्या," मामाजी म्हणाले. "ते चप्पल बी खातीन."

गाडी आली. कंडक्टरनं दुपट्ट्यात बांधलेल्या बोजाकडे बघून विचारलं, "काका, काय हाय यात?"

"ढेप."

"एवढीशी? कोनती म्हैस हाय तुमची?"

बडनेऱ्यापर्यंत मामाजी पिशवी मांडीवर धरून बसले होते, आणि गाडीला मासळीचा वास सुटला होता. पुढच्या सीटवरच्या बाईंनी दोनदा मागं वळून बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मूर्तिजापूरच्या अलीकडे मला हसू आवरेना, मग मामाजीही हसायला लागले, आणि आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो.

या वेळी मी घाई केली नाही. थोडं नवीन, जास्त जुनं, मग निम्मं निम्मं. पोट्टीनं त्रास दिला नाही. हळूहळू घरात एक आवाज कमी झाला. रात्रंदिवस दिवाणाला पाठ घासल्याचा जो आवाज असायचा तो कधी थांबला ते आमच्या लक्षातही आलं नाही. एका सकाळी मी तिच्या पोटावर उजेड टाकला तर गुलाबी कातडीवर बारीक, मऊ, नवीन केस आले होते. खाज कोंबडीनं होती, चहा-बिस्किटांनी होती की दोन्हींनी, हे आजही मला खात्रीनं सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कळायचं असेल तर पुन्हा कोंबडी देऊन बघता येईल." मामाजींनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी तो विषय सोडला.

मामाजींचं चालणंही सुधारलं होतं. सकाळी ते पोट्टीला घेऊन कॉलनीला फेरी मारत, आधी एक, मग तीन. कोणाच्या अंगणात वांग्याचं झाड पिवळं पडलेलं दिसलं की फाटकातून सूचना देत. कॉलनीतले लोक त्यांना ओळखायला लागले, मला इतकी वर्षं राहून ओळखत नव्हते.

आणि मग एक दिवस त्यांनी सांगितलं की गावाला जायचं आहे. पुतण्या वावर सांभाळत होता, पण वांग्याची रोपं लावायची वेळ आली होती. पुतण्याचा टेम्पो माळवं घेऊन अमरावतीच्या बाजारात येतो आणि रिकामा परत जातो, त्यातून जाईन म्हणाले. मी त्यांच्या गोळ्या, कपडे भरून दिले. टेम्पो दाराशी आला. मामाजी पुढं बसले. पोट्टी अंगणातून बघत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग टेम्पोकडे, आणि एका उडीत मागं भाजीच्या रिकाम्या कॅरेटांवर जाऊन बसली.

"उतर," मामाजी म्हणाले. पण मोठ्यानं नाही.

मी लेकीला फोन लावला. कुत्री शेवटी तिची. ती वर्गात होती, तिनं कुजबुजत विचारलं, "आजोबांना नीट जमेल का?"

"तुझ्यापेक्षा बरं जमेल," मी म्हटलं आणि घरातून ढेपीचा डबा आणून दिला.

पंधरा दिवसांत परत येतो म्हणाले होते. पंधराचा महिना झाला. दर दोन-तीन दिवसांनी फोन यायचा. गावात पहिले काही दिवस ही ढेप बघायला माणसं येत होती म्हणे. शेजारच्या म्हातारीनं मामाजींना तोंडावर विचारलं की शहरात राहून डोकं फिरलं का. मामाजींनी तिला पोट्टीचं पोट दाखवलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि लेक त्यांना आणायला गेलो. वावरात शिरलो तर पोट्टी वांग्याच्या सरीत, ओल्या मातीत पसरून झोपली होती. अंगावरचे केस दाट झाले होते आणि चिखलानं माखले होते. लेकीनं हाक मारली, तिचं इंग्रजी नाव घेऊन. पोट्टी उठली नाही. मग मामाजींनी पलीकडून 'पोट्टे!' म्हणून आवाज दिला तशी ती ताडकन उठली आणि मध्येच लेक दिसल्यावर अशी धावली की दोघी मिळून मेथीच्या वाफ्यात कोसळल्या.

"माही मेथी!" मामाजी ओरडले.

आम्ही त्यांना घेऊन यायचं ठरवून गेलो होतो. जेवणं झाली, लेकीनं वावर फिरून घेतलं, नव्या गुडघ्यावर वाकून मामाजींनी तिला रोप कसं लावायचं ते दाखवलं. निघायची वेळ झाली तेव्हा मी त्यांना विचारलंच नाही. टेम्पोत वांग्याची कॅरेटं चढली, मी आणि लेक पुढं बसलो. मामाजी आणि पोट्टी बांधावर उभे होते, दोघंही उन्हात डोळे बारीक करून आमच्याकडे बघत.

"थंडीत येतो," मामाजी म्हणाले. "रोपं धरली की."

लेक गावाबाहेर पडेपर्यंत मागं वळून बघत होती. मला वाटलं ती रडेल. पण तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "आई, तिला तिथं मजा येतेय." मी म्हटलं हो, आणि मग आम्ही तेल्हाऱ्याला थांबून गरम भजी खाल्ली.